सपोर्ट इल्लरी

खानापुरात कचेरीसमोर, झेरॉक्सच्या शेजारी,
आठ बाय दहाच्या खोलीत
हा बसलाय दोन हजार नऊपासून.
पंखा दळण संपत आलेल्या गिरणीसारखा वाजतो.
कीबोर्डवरचा 'क' कधीच पुसला,
बोटाला माहीत आहे म्हणून चालतं.

महांतेश आला होता बेळगावहून, पाठीला बॅग.
पत्रा उघडला, फुंकर मारली,
स्क्रू दातांत धरूनच म्हणाला,
"इन्न म्याल सपोर्ट इल्लरी अक्का."
म्हणजे चालेल हा, लिहील, छापील,
पण बिघडला तर सांगायचं कुणाला?
इंटरनेटची वायर त्यानं काढली,
गुंडाळी करून माझ्या हातात दिली.
मी ती खिळ्याला लावली, कॅलेंडरच्या मागं.

नवा घ्या म्हणतात सगळे.
घेतलाही असता.
एक फाईल पेनड्राइव्हवर नेली होती,
भावजींच्या नव्या लॅपटॉपवर उघडून बघितली:
'वाटणीपत्र'च्या जागी डॉलर, टक्का, उलटं प्रश्नचिन्ह,
'पूर्वेस ओढा'चा
चौकट, चौकट, चौकट.
आमची मराठी त्या जुन्या फॉन्टात,
कन्नड दुसऱ्या जुन्या फॉन्टात,
दोघींना ओळखणारा हा एकटा.
चार हजार फायली.
अर्ध्या तालुक्याचे बांध याच्या पोटात.

आतली बटणाएवढी बॅटरीही गेलीय.
वीज तुटली की विसरतो,
जागा होतो तो एक जानेवारी दोन हजार नऊला.
रोज सकाळी मी त्याला साल सांगते,
महिना सांगते, वार तो स्वतःच काढतो.

बुधवारी दोनदा लाईट गेली. सांगायचं राहिलं.
अकराच्या जांबोटी गाडीनं ओमाणा गावडा आला,
पिशवीत पपई, माझ्यासाठी.
"भावाभावांच्या वाटणीचा कागद गं,
तूच मारलेला.
घरचा वाळवीनं खाल्ला बघ."

नाव टाकलं.
पडदा पांढुरका झाला, निळं कडं फिरत राहिलं.
ओमाणा हात जोडून उभा.
"देऊळ नव्हे काका, बसा की."
बसला, पण हात सुटले नाहीत.

मग उघडली.
पूर्वेस ओढा,
पश्चिमेस सटुप्पाचा काजूचा तुकडा,
विहीर सामाईक, वाट सामाईक,
बांधावरचा आंबा एक साल आड.
काना, मात्रा, सगळं जिथल्या तिथं.

कागद उजेडाला धरून तो वाचत गेला, ओठ हलवत,
वाचून झाल्यावर परत वर आला
आणि कोपऱ्यात थांबला.
तिथं तारीख आपोआप पडते.
एक जानेवारी दोन हजार नऊ.

"तवा सटुप्पा होता," म्हणाला.
"विहिरीवर मोटर कुणाची बसायची
म्हणून भांडत होता माझ्यासंगं."

"चुकलंय काका, कचेरीत घेणार नाहीत,"
मी घाईनं म्हटलं,
घड्याळावर गेले, आजची तारीख घातली,
पुन्हा काढला.
खिडकीवर कन्नडच लागते, म्हणून ती प्रतही काढली.
पहिला कागद चुरगळायला घेतला
तर त्यानं हात पुढं केला.
"ऱ्हाऊ दे त्यो."
चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात.
पैसे तिन्हींचे दिले.
मी दोनचेच घेत होते, ऐकला नाही.

पूर्वी बंद करताना हा अडवायचा:
'बंद करू नका,
चारपैकी पहिली सुधारणा चालू आहे.'
मी खोळंबायची, नंदगडची गाडी चुकायची,
शिव्या घालायची.
आता बटण दाबलं की लगेच काळोख.
पंखा तेवढा दोन-तीन फेऱ्या उगाच फिरतो.

पपई कच्चीच आहे अजून.
याच्या डोक्यावर ठेवलीय,
तिथं ऊब राहते.